निरंक

मार्चअखेरीला कुपवाडच्या एमआयडीसीत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक शेडमधल्या कूलंटचा आणि तापलेल्या बिडाचा, दुसरा वाऱ्यावर येणारा नव्या हळदीचा. सांगलीच्या पेठेत तेव्हा हळदीचे सौदे रंगात आलेले असतात आणि इकडे माळावरच्या शेडांमधून माल मोजायची धांदल उडालेली असते. किती इम्पेलर तयार, किती अर्धे उतरलेले, किती कास्टिंग अजून लेथला लागायची, किती इन्सर्ट नवे. एकजण मोठ्याने आकडा सांगतो, दुसरा वहीत लिहितो. मला हे काम लहानपणापासून आवडतं. वर्षभर पळणारा कारखाना त्या दिवशी थांबतो आणि आपल्याजवळ काय आहे ते निवांत बघतो.

या मोजणीतून पुढे जो ताळेबंद तयार होतो, तो बहुतेक लोक वरून वाचतात. उलाढाल, नफा, कर. मी तो शेवटून वाचते. शेवटी टिपा असतात, बारीक अक्षरात, आणि कारखान्याचं दुखणं बहुधा तिथेच असतं. आमच्या ताळेबंदात अशी एक टीप वर्षानुवर्षं होती. कंपनीविरुद्धचे, कंपनीने मान्य न केलेले दावे. खाली केंद्रीय उत्पादन शुल्काची रक्कम, तिच्याखाली तेवढाच दंड, शिवाय व्याजाचा उल्लेख. दरवर्षी सी.ए. साहेबांच्या ऑफिसातून कच्चा मसुदा आला की मी आधी ते पान काढायचे. टीप जिथल्या तिथे असायची. 2020-21 हे ती ओळ ‘निरंक’ असलेलं पहिलं पूर्ण वर्ष होतं. उलाढालीच्या हिशेबाने ते वर्ष आमच्यासाठी अगदी बारीक होतं. तरीही मला लिहायचं आहे ते त्याच वर्षाबद्दल.

आमचा कारखाना म्हणजे दोन शेडा. एक आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. शेजारची तात्यांची, माझ्या काकांची, त्यांच्या एकट्याच्या मालकीची. दोघंही पंपाचे भाग मशिनिंग करून देतात. आण्णांकडे इम्पेलर आणि केसिंग, तात्यांकडे शाफ्ट, बुश, कपलिंग. आण्णा आधी आले, तात्या मागून. मधल्या भिंतीत एक दार ठेवलेलं होतं, कारण कंप्रेसर एकच होता आणि त्याची नळी त्या दारातून पलीकडे जायची. माणसंही जायची. पलीकडे ट्रक आला की अलीकडचे दोघे उठून माल उतरवायला जात. दुपारचा डबा आलटून पालटून एकीकडे. यात कुणी काही ठरवलेलं नव्हतं. दोन भावांनी शेजारी धंदा काढला की हे असंच होतं.

आमच्या जिल्ह्यातलं कारखानदारीचं सगळ्यात मोठं नावच दोन भावांचं आहे. रामूअण्णा आणि लक्ष्मणराव या भावांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि त्यावर किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी लावली. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका भावाने यंत्रं पाहिली, दुसऱ्याने वसाहत सांभाळली. तिकडे सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने किती घरांत उजेड दिला आणि त्या गावालाच ओगलेवाडी हे नाव मिळालं. आण्णा आणि तात्या याच हवेत वाढले. भाऊ सोबत असणं ही धंद्यातली पहिली पुंजी, असं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पुढे कागदावर त्यांच्याविरुद्ध जे लिहून आलं, त्याचा गाभाही हाच होता: हे दोघे भाऊ आहेत.

ज्यांना उत्पादन शुल्काचा जमाना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. छोट्या कारखान्यांना तेव्हा शुल्कात मोठी सवलत होती. 1 मार्च 2003 च्या 8 क्रमांकाच्या अधिसूचनेत ती लिहिलेली होती. 2007 पासून तिची मर्यादा दीड कोटी रुपये होती. म्हणजे वर्षातल्या पहिल्या दीड कोटीच्या मालावर शुल्क नाही, पुढच्या मालावर भरायचं. आदल्या वर्षीची उलाढाल चार कोटींच्या आत असेल तरच ही सवलत. लहान माणसाला उभं राहता यावं म्हणून केलेली ही तरतूद होती आणि तिने कुपवाडच्या, मिरजेच्या, इचलकरंजीच्या कितीतरी शेडा उभ्या केल्या. तिचा गैरफायदा घेणारेही होते. एकच कारखाना कागदावर तीन-चार नावांनी फाडायचा, बायकोच्या नावे एक, मेहुण्याच्या नावे एक, आणि प्रत्येकाची दीड कोटींची सवलत खायची. म्हणून खात्याला अधिकार होता की, असे कारखाने खरे एकच आहेत असं दिसलं तर त्यांची उलाढाल एकत्र धरावी. आमच्याकडे याला सगळे ‘क्लबिंग’ म्हणायचे. तो नियम असायला हवा होता, असं मी आजही मानते. खोट्या शेडांमुळे खऱ्या लहान कारखान्यावरच अन्याय होतो.

पण खरं आणि खोटं ओळखायचं कशावरून? फक्त नातं पुरेसं नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलेलं होतं. पैशाची परस्पर ये-जा, एकच कारभार, एकच माणसं, एकमेकांवाचून न चालणं, असं काही दाखवावं लागतं. आमच्याकडे अधिकारी आले तेव्हा त्यांनी तेच शोधलं, आणि त्यांना ते सापडलं. भिंतीतलं दार सापडलं. कंप्रेसर एक, त्याच्या विजेचं बिल एका मीटरवर. हजेरीपत्रकात आण्णांचा असलेला कामगार त्या दिवशी तात्यांच्या ड्रिलवर उभा. आणि खातेवहीत, बिनव्याजी उसनवारीच्या रकान्यात, तात्यांकडून कंपनीला आलेली एक रक्कम.

ती रक्कम माझ्या लग्नाच्या वेळची. आण्णांनी लग्नासाठी कंपनीतले पैसे काढले, गिऱ्हाइकाचं पेमेंट लांबलं, आणि पगाराच्या दिवशी तात्यांनी कंपनीच्या खात्यात पैसे भरले. व्याजाचा विषय कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. कारणे दाखवा नोटिशीत तो व्यवहार आर्थिक परस्परावलंबनाचा पुरावा म्हणून आला. नोटीस जाड होती, तिला जोडपत्रं होती, आणि एका जोडपत्रात आमच्या घरातली ती गोष्ट तारखेसकट टाईप केलेली होती. वाचताना मला लाज वाटली नाही, रागही आला नाही. काहीतरी आपलं दुसऱ्याच्या हातात पडलं आहे, एवढंच कळत होतं. माहिती दडवल्याचा आरोप असला की खात्याला पाच वर्षं मागे जाता यायचं. ते तेवढे मागे गेले. मागणी, मागणीएवढा दंड, वर व्याज.

वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की, मागचं जे आहे ते आहे, पण इथून पुढे दोन कारखाने दोन दिसले पाहिजेत. मग ते दिसायला लागले. दार विटांनी बुजवलं. तात्यांनी दुसरा कंप्रेसर घेतला, गरज नसताना, कर्ज काढून. कामगारांना ताकीद दिली गेली की पलीकडे पाऊल टाकायचं नाही. ट्रक आला तर ज्याचा त्यानं उतरवायचा. ऑफिसातल्या फोनच्या डायरीतून सुद्धा एकमेकांचे पुरवठादार वेगळे लिहिले. उसनवारी मात्र पुरती थांबवता येत नव्हती, कारण लहान कारखान्यात पगाराचा दिवस आणि पेमेंटचा दिवस कधीच जुळत नाहीत. तेव्हा तात्यांकडून जे पैसे येत ते चेकने, बाजारभावाच्या व्याजाने. व्याजाची रक्कम वर्षाला पाच हजारांच्या वर गेली की कंपनीला टीडीएस कापावा लागे. सख्ख्या भावाच्या व्याजातून दहा टक्के कापून त्याचं प्रमाणपत्र मी दरवर्षी तात्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. ते सही करून प्रत परत द्यायचे. पूर्वी मी गेले की चहा यायचा. नंतर तोही कमी झाला, आणि का कमी झाला हे आम्हां दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

मला वाटतं, हिशेबाच्या वहीत ही ताकद असते. माणसं जशी वागतात तसा हिशेब लिहिला जातो असं आपण समजतो. पण एखादी गोष्ट सिद्ध करण्यासाठी हिशेब लिहायला लागलो की काही वर्षांनी माणसं हिशेबासारखी वागायला लागतात. आण्णा आणि तात्या वेगळे आहेत हे दाखवण्यासाठी आम्ही इतके कागद केले की ते खरंच वेगळे झाले. दिवाळीचा पाडवा दोन शेडांमध्ये दोन वेळांना व्हायला लागला. भांडण एकही झालं नाही. भांडण झालं असतं तर कदाचित मिटलंही असतं.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू आणि सेवा कर आला, आणि ज्या कायद्याखाली आमचा खटला चालू होता त्या कायद्याचं आमच्यापुरतं कामच संपलं. दीड कोटींची सवलत गेली. जीएसटीत आमच्या आकाराच्या कारखान्याला पहिल्या रुपयापासून कर लावायचा आणि खरेदीवरचा वळता करून घ्यायचा. दोन शेडा एक की दोन, हा प्रश्नच कुणाला पडेनासा झाला. ज्या प्रश्नाने आमच्या घराचे दोन भाग केले, तो प्रश्न देशातून उठून गेला. खटला मात्र राहिला. जुन्या कायद्याखालची प्रलंबित प्रकरणं चालूच राहतील अशी तरतूद नव्या कायद्यात होती, आणि ती असणं योग्यही होतं. आमचं अपील मुंबईच्या न्यायाधिकरणात पडून होतं. तारीख यायची, वकील जायचे, पुढची तारीख घेऊन यायचे.

या सगळ्या काळात ताळेबंद कसा दिसतो, हे बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही. दाव्याची रक्कम नुसती टिपेत असते, ती देण्यांत मोजलेली नसते, कारण आपण ती मान्य केलेली नाही. नफा दिसतो. अपिलासाठी आधी भरलेली अनामत तर चक्क मालमत्तेच्या बाजूला दिसते: शासकीय खात्यांकडे जमा. पैसे हातातून गेलेले असतात, पण कागद सांगतो की ते आपले आहेत, येणार आहेत. वकिलांची फी व्यावसायिक शुल्कात, मुंबईच्या फेऱ्या प्रवासखर्चात. खटल्याचा खर्च असा एक आकडा कुठेच सापडत नाही, तो सगळीकडे थोडा थोडा सांडलेला असतो. त्याहून मोठा खर्च बँकेतला. दरवर्षी कॅश क्रेडिटचं नूतनीकरण असलं की साहेब ती टीप वाचत. वाचणं त्यांचं कर्तव्यच होतं. मग मर्यादा आहे तेवढीच ठेवू, वाढीव हवी तर घराचे कागद द्या. आण्णांनी जे व्हीएमसी मशीन घ्यायचं ठरवलं होतं ते घेतलं नाही. न घेतलेल्या मशीनला ताळेबंदात जागा नसते. त्या मशीनवर जे काम झालं असतं, ते करणारा जो मुलगा विश्रामबागच्या वालचंद कॉलेजातून शिकून आमच्याकडे लागायला तयार होता आणि शेवटी चाकणला गेला, त्यालाही नसते.

2019 च्या जुलैमध्ये अर्थसंकल्पात ‘सबका विश्वास’ योजना जाहीर झाली. उत्पादन शुल्क आणि सेवाकराची जुनी प्रकरणं मिटवण्यासाठी. महिनाभरात सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, पेठा बुडाल्या. कुपवाडच्या माळावर ते पाणी पोचत नाही, पण आमच्या निम्म्या कामगारांची घरं पाण्यात होती. त्या दिवसांत मधल्या भिंतीचा विचार कुणी केला नाही. आण्णांच्या शेडमध्ये कामगारांची कुटुंबं उतरली, तात्यांच्या शेडमध्ये चूल पेटली. पाणी उतरलं, चिखल उपसून झाला, आणि 1 सप्टेंबरला योजना सुरू झाली.

योजनेचं गणित सरळ होतं. खटल्यात अडकलेलं शुल्क 50 लाखांपर्यंत असेल तर 70 टक्के माफ, त्याहून जास्त असेल तर निम्मं. व्याज आणि दंड पूर्ण माफ. समजा मागणी 20 लाखांची आहे, दंड आणखी 20 लाख, वर इतक्या वर्षांचं व्याज. तर भरायचे सहा लाख, त्यातूनही आधी भरलेली अनामत वजा. सी.ए. साहेबांनी कागदावर हे मांडून दाखवलं तेव्हा मला वाटलं आण्णा लगेच हो म्हणतील. ते कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, “पण आमचं खरं का त्यांचं, हे कोण सांगणार?”

कुणीच सांगणार नव्हतं. योजनेत निकाल नव्हता. पैसे भरले की प्रमाणपत्र मिळणार आणि न्यायाधिकरणातलं अपील मागे घेतलं असं मानलं जाणार. ‘मानलं जाणार’ हे आण्णांना लागलं. “मी कुठं मागं घेतलंय?” असं ते दोन-तीनदा म्हणाले. मला ते तेव्हाही कळलं होतं आणि आज जास्त कळतं. मोठ्या कंपनीला खटला हा कारभाराचा भाग असतो, त्यासाठी वेगळा विभाग असतो. लहान कारखानदाराचा खटला त्याच्या नावावर असतो. त्याला सूट नको असते, कुणीतरी शहाण्या माणसाने सगळं वाचून ‘तू खोटं केलं नाहीस’ असं म्हणायला हवं असतं. आमच्या न्यायव्यवस्थेने त्याला ते वेळेत म्हणून दाखवलं असतं, किंवा चूक असेल तर चूक म्हणून सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. निकालाला लागणारा वेळ हीच लहान माणसाची सगळ्यात मोठी शिक्षा आहे. तिच्यासाठी दोषी ठरावं लागत नाही. तरीही योजना आणणाऱ्यांचे मी आभार मानते. देशभरातून सुमारे 1 लाख 89 हजार घोषणापत्रं आली होती. तेवढ्या ताळेबंदांच्या शेवटच्या पानांवर तेवढ्या टिपा असणार.

आण्णांनी सही केली ती तात्यांच्या सांगण्यावरून. त्या दिवशी तात्या बऱ्याच वर्षांनी आमच्या ऑफिसात येऊन बसले. म्हणाले, “आण्णा, निकाल लागायचा तवा लागंल. तोवर आपुन दोघं राहू का न्हाई, बघ की.” फॉर्म भरला गेला. फेब्रुवारीत रकमेचं पत्र आलं, मार्चमध्ये पैसे भरले, आणि टाळेबंदीच्या थोडं आधी मुक्तीचं प्रमाणपत्र. एका पानाचं.

त्या वर्षी, म्हणजे 2019-20 मध्ये, आमच्या कंपनीने तोटा दाखवला. खटला संपला त्याच वर्षी तोटा. जी अनामत इतकी वर्षं मालमत्ता म्हणून मिरवत होती ती खर्चात गेली, नवीन भरलेली रक्कम खर्चात गेली. नफा-तोटा पत्रकात अपवादात्मक बाब म्हणून एक ओळ आली आणि तिने सगळा नफा खाल्ला. दंड म्हणून काही नाही, शिक्षा म्हणून काही नाही, फक्त इतक्या वर्षांचं न सांगितलेलं एकदम सांगून झालं. मला तो तोटा फार प्रामाणिक वाटला.

नंतरचं पहिलं स्वच्छ वर्ष कसं असेल याची आम्ही मनात चित्रं रंगवली होती. ते वर्ष सुरू झालं बंद फाटकांनी. मार्च संपता संपता इस्लामपूरला रुग्ण सापडले आणि सगळा जिल्हा धास्तावला. एप्रिलमध्ये एमआयडीसीच्या रस्त्यांवर कुत्री सोडून काही नव्हतं. कामगारांना पूर्ण पगार द्या असा केंद्राचा 29 मार्चचा आदेश होता, आणि तो आदेश नसता तरी आण्णांनी दिलाच असता, पण कशातून? गिऱ्हाइकांची ऑफिसं बंद, पेमेंट अडकलेली. बँकेने हप्त्यांना मुदत दिली, पुढे आपत्कालीन कर्जाची योजना आली, शिल्लक कर्जाच्या 20 टक्के जादा. ती मेअखेरीची गोष्ट. एप्रिलचा पगार एप्रिलमध्येच हवा होता.

ते पैसे तात्यांनी दिले. फोन केला, आकडा विचारला, दुपारी खात्यात जमा. मी सवयीने व्याजाचा दर विचारला, कारण करारपत्र करायचं होतं. फोनवर थोडा वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, “शून्य लिव्ह.” मी पुन्हा विचारलं नाही.

म्हणून 2020-21 चा तो ताळेबंद माझ्यासाठी असा आहे. उलाढाल आदल्या वर्षापेक्षा बरीच खाली. पहिली तिमाही जवळजवळ कोरी. दिवाळीनंतर काम आलं तर लोखंड आणि बिडाचे भाव चढायला लागले, कास्टिंगवाल्याने दर वाढवले आणि गिऱ्हाइकाने वाढवून द्यायला वेळ लावला. नफा इतका थोडा की त्याच्यावरचा करही नजरेत भरत नव्हता. कुठल्याही जाणत्या माणसाने ते पत्रक पाहिलं तर तो म्हणेल, कसंबसं तगलेलं वर्ष. बरोबरच आहे. पण व्यावसायिक शुल्काची ओळ उतरून नुसत्या लेखापरीक्षणाच्या फीवर आली होती. भावाला दिलेलं व्याज, निरंक. संभाव्य देणी, निरंक. उत्पन्नाच्या बाजूला दाखवण्यासारखं काही नसताना या रिकाम्या जागांनी त्या वर्षाला हात दिला. बँकेच्या साहेबांनी नूतनीकरणाच्या वेळी शेवटचं पान उलटलं आणि पुढे काही न विचारता फाईल मिटली. एवढ्या एका गोष्टीची किंमत मला कुठल्या रकान्यात लिहिता आली असती तर मी ती आनंदाने लिहिली असती.

सगळंच मात्र निरंक झालं नाही. एक मोठं गिऱ्हाईक त्या वर्षी फार मागे राहिलं. लघुउद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद मागायला स्वतंत्र परिषद आहे. कायदा आमच्या बाजूचा, कागद आमच्याकडे चोख. मी अर्ज तयार केला. आण्णांनी तो वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. “पुन्हा केस नको,” म्हणाले. गिऱ्हाईक तुटेल ही भीती सगळ्याच लहान पुरवठादारांना असते. आण्णांना त्याहून वेगळी भीती होती. आपण बरोबर असतानाही नंबर पडलेल्या एखाद्या कागदात आपलं नाव पुन्हा छापलं जाईल याची. खटल्याचा हा खर्च अजून चालू आहे, आणि तो किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही.

भिंतीतलं दार आम्ही पुन्हा उघडलं नाही. दोघांकडे आता आपापले कंप्रेसर आहेत, आपापली माणसं आहेत, दोन्हीकडे वेगळ्या वेळा लागल्या आहेत. आण्णा एकदा दार काढू म्हणाले होते, पण पलीकडच्या बाजूला तिथे तात्यांचं रॅक आलं आहे, ते जड आहे. बिल करून माल द्यायचा, चलन लावून माल आणायचा, ही सवयही वाईट नाही. तात्यांचा मुलगा आणि मी मिळून आता एक सेकंडहँड व्हीएमसी बघतो आहोत. कंपनी घेणार आणि तात्यांची शेड त्या मशीनवरचं काम जॉबवर्कने देणार, रीतसर. तो भावाची घासाघीस करतो, मी कर्जाचा हप्ता मांडते. आम्ही दोघं एकमेकांना इतकं ओळखत नव्हतो हे मला या खरेदीतच कळलं.

लेखापरीक्षणाच्या वेळी सी.ए. साहेबांनी तात्यांच्या त्या बिनव्याजी रकमेचे कागद मागितले. खाजगी कंपनीला संचालकाच्या नातेवाइकाकडून कर्ज घेता येतं, पण देणाऱ्याने लिहून द्यावं लागतं की हे पैसे मी दुसरीकडून उसने घेऊन देत नाही, माझेच आहेत. ते पत्र एप्रिलमध्येच करून घेतलं होतं. फाटकं बंद होती, म्हणून तात्यांनी घरी हाताने लिहून फोटो पाठवला होता आणि मूळ कागद नंतर दिला होता. सी.ए. साहेबांनी तो फाईलला लावण्याआधी मी वाचला. नमुन्यात एक जागा होती, संचालकाशी नाते. इतकी वर्षं आमच्या प्रत्येक उत्तरात, प्रत्येक प्रतिज्ञापत्रात हे नातं वकील एका ओळीत उरकून पुढे जात, कारण त्याच्यावर बोट ठेवलेलं होतं. इथे कायदाच ते विचारत होता आणि लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नव्हता. तात्यांनी ‘सख्खा भाऊ’ असं लिहून खाली रेघ ओढली होती. सी.ए. साहेब म्हणाले, रेघेची गरज नव्हती. तात्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “असू दे तशीच,” आणि स्वतःच्या फायलीसाठी एक झेरॉक्स मागितली.